६२०६ आणि तीन पट्टे

आमचा पॉवर टिलर माझ्या मुलीपेक्षा मोठा आहे आणि मुलगी यंदा एकविसाची झाली. मुरबाडकडे दीड एकर भात, तिथे आप्पा असतात; मी कळव्यात राहतो आणि शनिवार-रविवार जमेल तसा जातो. मे महिन्यात आप्पांचा फोन आला. "डाव्या चाकाकडून ऑइल गळतंय आणि आवाज पण येतोय." मृग तोंडावर. राब वाढून लावणीला येईपर्यंत, म्हणजे चिखलणीच्या आधी, हे निस्तरायला हवं होतं.

पहिल्यांदा सरळ मार्गाने गेलो. ज्या दुकानातून आजवर सामान आणलं, तिथल्या माणसाने मॉडेल ऐकूनच मान हलवली. सुटं काही येत नाही, अख्खी असेंब्ली मागवावी लागेल, नऊ हजार, पंधरा दिवस. वर सल्ला, की आता नवीनच घ्या. माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं आणि निघालो.

त्या रविवारी गावी डाव्या चाकाचा शाफ्ट उघडला. चिखल आणि जळकं ऑइल मिळून काळी खीर झालेली. डिझेलच्या डबड्यात बेअरिंग खंगाळलं, जुन्या ब्रशने घासलं, तर कडेला आकडा दिसला: ६२०६. मुलगी मेकॅनिकलला आहे. तिला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "बाबा, हे कुठेही मिळतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा, आतला व्यास." सहा पंचे तीस. शाफ्ट मोजला, बरोबर तीस मिलिमीटर. बाहेरून बासष्ट. कंपनीने स्वतः बनवलेलं त्यात काही नव्हतंच! ऑइल सीलवरही, म्हणजे शाफ्टभोवती बसून ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यावर, पुसटसं ३०×६२×१० होतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

पुढच्या शनिवारी हाफ डे टाकून स्लो लोकलने मशीद बंदर, तिथून चालत नागदेवी, सुट्या भागांचा बाजार. मी पहिल्याच काउंटरला टिलरची कुंडली मांडायला लागलो तर शेठ म्हणाले, "मशीन छोडो, साइज बोलो." दोन मिनिटांत बेअरिंगं समोर. आणखी एका दुकानात आधी निम्मा भाव सांगत होते, पण बिल मागितल्यावर त्यांना अचानक दुसरं गिऱ्हाईक दिसलं. डुप्लिकेटचा धंदा तिथेही आहे, म्हणून पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घेतलं. दोन बेअरिंगं सातशेला, सील ऐंशीला एक.

घोटाळा घरी येऊन कळला. बेअरिंगं दोन्ही बाजूंनी रबराने बंद होती. गिअरबॉक्समध्ये उघडी लागतात, कारण तिथलं ऑइलच त्यांना मिळायला हवं. मी "६२०६" एवढंच बोललो, "ओपन" म्हणालोच नाही. परत जायचा कंटाळा केला. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने रबर उचकटून काढलं, आतलं ग्रीस डिझेलने धुतलं. चाललं.

सीलची गोष्ट मात्र वेगळी. शाफ्टवर, जिथे सीलचा ओठ घासतो, तिथे नखाला लागेल अशी खाच पडली होती. शाफ्ट पिशवीत घालून वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडे गेलो. वाटलं, टर्निंग करून स्लीव्ह बसवायला सांगेल, हजारभर जातील. काकांनी शाफ्टवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नवीन सील त्याच खाचेत बसलं तर आठ दिवसांत गळणार. दहाच्या ऐवजी सात जाडीचं घ्या आणि थोडं बाहेर ठेवा. ओठ कोऱ्या जागेवर येईल." सात मिलिमीटरचं त्यांनीच समोरच्या दुकानातून आणवलं, दोन ओठांचं; एक ऑइल अडवायला, दुसरा चिखल. स्प्रिंगची बाजू आत ऑइलकडे, हेही बजावलं. पैसे विचारले तर चहा सांगितला, तोही त्यांच्याच खात्यावर.

इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या पट्ट्यांचं शहाणपण आधीच्या वर्षी पैसे घालवून आलेलं. तिघांतला एक तुटला, मी एकच नवीन टाकला. जुने दोन ताणून लांब झालेले, सगळा भार नव्यावर. पंधरवड्यात त्याच्या चिंध्या. या वेळी तिन्ही एकदम, एकाच कंपनीचे, बाराशेला. नंबर पुसला गेला होता, पण वरची रुंदी १७ मिलिमीटर म्हणजे बी सेक्शन, त्या मापाच्या पट्ट्याचं बाजारातलं नाव. लांबी जुन्या पट्ट्यावरून न घेता पुलीवरून सुतळी फिरवून काढली.

गिअर आणि पिस्टनच्या रिंगा असं भागवून आणणार नाही. तिथे मुकाट्याने ओरिजिनलच.

जुलैत चिखलणी झाली. आवाज गेला. डावीकडे सकाळी एखादा थेंब दिसतो, आप्पा त्याखाली खोबरेल तेलाचा रिकामा डबा ठेवतात. टूलबॉक्सच्या झाकणावर त्यांनी ऑइलपेंटने सगळे आकडे लिहून ठेवलेत, आणि ६२०६ च्या पुढे ठळक अक्षरात: "उघडं सांगणे".