क्रिस्टल रिव्हरच्या झऱ्यांतले मॅनेटी

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्रिस्टल रिव्हर येथे मॅनेटी, म्हणजे समुद्रगायी, पाहायच्या असतील, तर कडाक्याच्या थंडीतच जावे. मेक्सिकोच्या आखाताचे पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले, की सुमारे तीन मीटर लांबीच्या या शाकाहारी सस्तन प्राण्याला, अंगावर चरबीचा जाड थर नसल्यामुळे, ते सोसवत नाही. मग तो तिथल्या किंग्ज बे या खाडीतील झऱ्यांचा आश्रय घेतो, कारण तेथे चुनखडीच्या खडकांतून उसळणारे पाणी बारा महिने सुमारे २२ अंशांवर असते. माणसाला मात्र तेच पाणी काही वेळाने गार लागते, म्हणून वेटसूट हवाच.

मी छायाचित्रे घेण्यासाठी सूर्योदयाच्या सुमारास पाण्यात उतरलो, तेव्हा पृष्ठभागावर वाफ तरंगत होती. तळाशी झोपलेले मॅनेटी काही मिनिटांनी हालचाल न करता वर येत, नाकपुड्या उघडून श्वास घेत आणि पुन्हा खाली जात. त्यांच्यामागे पोहत जाणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि छायाचित्रणाच्या दृष्टीने निव्वळ मूर्खपणा, कारण पाय मारताच तळाचा गाळ उठतो आणि समोरचे सारे गढूळ होते. मी वाइड अँगल लेन्स लावून, फ्लॅश न वापरता, नुसता तरंगत राहिलो. बऱ्याच वेळाने एक पिल्लू आपणहून इतके जवळ आले, की त्याच्या वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांवरची हत्तीसारखी नखे स्पष्ट दिसली. हत्ती हा याचा जवळचा नातलग आहे, हे तेव्हा सहज पटले.

त्याच्या आईच्या पाठीवर मात्र बोटीच्या पंख्याने पाडलेले समांतर व्रण होते. असे व्रण इतके सर्रास आढळतात, की संशोधक त्यांवरूनच एकेक मॅनेटी ओळखतात. ती चौकटीत आली, तेव्हा व्रण टाळून सुबक चित्र घेणे शक्य होते. मी ते मुद्दाम टाळले नाहीत. अमेरिकी सरकारने २०१७ मध्ये या प्राण्याला संकटग्रस्त वर्गातून कमी धोक्याच्या वर्गात हलवले, आणि २०२१ मध्ये फ्लोरिडात एक हजाराहून अधिक मॅनेटी मेले. त्यांतील बरेचसे पूर्व किनाऱ्यावर, प्रदूषणामुळे समुद्री गवत नष्ट झाल्याने, उपाशी मेले. तो निर्णय मला घाईचाच वाटतो. किंग्ज बेमध्ये मात्र शेवाळ उपसून पाणगवत नव्याने लावले गेले आहे, आणि ऊन वर आल्यावर झऱ्यातून बाहेर पडलेले मॅनेटी त्याच कुरणात चरताना मला दिसले.