आज ग्रॅम स्टेनिंग!

आज प्रॅक्टिकलला ग्रॅम स्टेनिंग होतं, म्हणजे जिवाणूंना रंग देऊन त्यांचे दोन गट वेगळे ओळखायचे. क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग, आयोडीन, मग रंग धुवायला अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिनचा गुलाबी रंग. सगळी मदार अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांवर! जरा जास्त धुतलं की जांभळे राहायला हवेत ते जिवाणूही रंग सोडतात. ऑइल इमर्शन लेन्सखाली फोकस जुळला आणि द्राक्षांच्या घोसासारखे जांभळे स्टॅफिलोकोकस दिसले, त्यांच्या आसपास ई. कोलायच्या गुलाबी काड्या. फरक पेशीभित्तिकेचा: स्टॅफिलोकोकसच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकनचा (भित्तिकेला बळकटी देणाऱ्या जाळीचा) जाड थर, ई. कोलायच्या भित्तिकेत पातळ आणि त्यावर बाह्यपटल. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी ही पद्धत १८८४ साली मांडली, आणि आजही कुठल्या अँटिबायोटिकने सुरुवात करायची हे ठरवताना डॉक्टरांना हाच रिपोर्ट उपयोगी पडतो. किती मोठं काम आहे हे! पुस्तकातलं सगळं पाठ होतं, तरी प्रत्यक्ष बघताना अंगावर काटा आला. आता एंडोस्पोर (काही जिवाणूंचे टणक बीजाणू) स्टेनिंग आहे, कधी एकदा लॅबमध्ये जाते असं झालंय.