डीपी जळली तेव्हा वास कमी झाला होता

पहिल्याच व्हिजिटला मी तात्यांना सांगून मोकळा झालो होतो, "पेट्रोल पंपाचा संबंध दिसत नाही, तो तुमच्या खालच्या अंगाला आहे." रिपोर्टमध्येही तसंच लिहिलं. ते वाक्य अजून टोचतं.

सातारा जिल्ह्यातलं गाव, तात्यांची उसाच्या रानातली विहीर, पाण्याला डिझेलचा वास. माझं काम म्हणजे बहुतेक वेळ बाटल्या भरा, लेबलं लावा, बर्फाच्या डब्यातून लॅबला पाठवा. रंगीत तवंग दिसला की लोक लगेच तेल म्हणतात, पण लोहाच्या बॅक्टेरियाचाही तसाच येतो. काडीने डिवचायचा, पापडासारखा तुटला तर लोह, फाटून परत जुळला तर तेल. इथे जुळत होता. पण पेट्रोल पंप विहिरीपासून 140 मीटरवर आणि अडीच मीटर खाली, मग डिझेल चढावर कसं येईल? पंपमालकाने डिपचं (टाकीत काठी बुडवून रोज मोजलेल्या तेलाचं) रजिस्टर दाखवलं, फरक रोजच्या मर्यादेत, टाकी टेस्टला पास. मीही मान डोलावली.

दुसऱ्यांदा गेलो ते तात्यांनी फोन करकरून डोकं खाल्लं म्हणून. चहा पिताना सहज बोलले, "साहेब, मागं लाइटीची डीपी जळली, आठ दिस मोटर बंद होती, तवा वास कमी झाल्ता."

मी कप तिथेच ठेवला.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. लेव्हल मशीन लावून विहीर आणि पंपाच्या आवारातली जुनी बोअर एका मापात आणली. मोटर बंद असताना विहिरीतलं पाणी बोअरपेक्षा 2 मीटर वर, म्हणजे माझा रिपोर्ट बरोबर! पण रात्रीची लाइट आठ तास, तेवढ्या उपशाने विहीर 5 मीटर उतरली आणि बोअरच्या 3 मीटर खाली गेली. उतार उलटा झाला. आमच्याकडे पाणी मातीतून सगळीकडे सारखं झिरपत नाही, वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक आणि काळा पाषाण, पाणी सांध्यांतून पळतं, आणि तो सांधा विहिरीकडेच येत असला तर 140 मीटर म्हणजे काहीच नाही. पहाटे टॉर्च मारला तर पाणी उतरलेल्या कड्यात एका फटीतून काळपट ओघळ येत होता.

बोअरमध्ये पाणी-तेल ओळखणारा प्रोब सोडला. पाण्यात तुटक बीप बीप वाजतो, तेलात सलग. 40 सेंटीमीटर सलग वाजत राहिला. (बोअरमध्ये 40 म्हणजे जमिनीतही 40 असं नसतं, बोअरमध्ये थर फुगून दिसतो. हे मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं, तरी मिनिट्समध्ये "40 सेंमी डिझेलचा थर" असंच आलं.) डिझेल पाण्यापेक्षा हलकं, घनता साधारण 0.83, म्हणून वर तरंगतं आणि पाणी उतरेल तिकडे सरकतं.

खोदल्यावर गळती टाकीत नाहीच, टाकीतून मशिनकडे जाणाऱ्या पाइपच्या जॉइंटला निघाली. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला 4 लिटर, वर्षाला दीड हजार, आणि रोज हजारो लिटर विकणाऱ्याच्या रजिस्टरात 4 लिटर कुठे दिसणार. टाकीची टेस्ट करतात आणि पाइपला कोणी विचारत नाही, ही आपल्याकडची तपासणी!

जॉइंट बदलला, बोअरमधलं तेल काढायचं काम सुरू झालं. पण मे महिन्यात पाणी खाली गेलं की डिझेलही खाली जातं, पावसाळ्यात वर येताना फटींच्या कडेला चिकटून मागे राहतं, ते मोटरने निघत नाही. आणि पहिल्या व्हिजिटला तात्यांना "उपसा चालू ठेवा, पाणी खेळतं राहील, साफ होईल" असा सल्ला कुणी दिला होता, तर मीच.

निघताना त्यांनी विचारलं, "मग आता मोटर चालू ठिवू का बंद?" बंद ठेवली तर ऊस वाळतो, चालू ठेवली तर डिझेल ओढलं जातं. "चार दिवसांनी सांगतो," म्हणालो आणि गाडीत बसलो.