रेडिएटरला दोन हात रंग आणि कन्नडचा घाट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी मी घराच्या गेटला काळा ऑइलपेंट लावत होतो. शेजारी अंगणात जीपचा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गार करणारी टाकी-जाळी, पडलेला. खालच्या टाकीजवळ गळत होता, म्हणून चाळीसगावात झाळून आणला होता. जीप वडिलांच्या काळातली, डिझेलची, रेडिएटर तांब्या-पितळेचा. झाळल्यावर तो कुठे पिवळा, कुठे करडा, कुठे हिरवट दिसायला लागला. डब्यात निम्मा रंग उरला होता आणि ब्रश हातातच होता. मारले दोन हात! टाकीलाच नाही, जाळीलाही, पुढून आणि मागून. काळी वस्तू उष्णता जास्त बाहेर टाकते हे शाळेत शिकलो होतो, तेव्हा गाडी उलट थंडच राहील असा माझा हिशोब.

आखाजीच्या आदल्या दिवशी बहिणीला आणायला कन्नडला निघालो, तेही भर दुपारी. घाटाच्या पायथ्यापर्यंत टेम्परेचरचा काटा रोजच्या जागी होता. चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि काटा सरकायला लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर तो लाल पट्टीला टेकला, शिवाय बॉनेटमधून तापलेल्या रंगाचा वास. गाडी बाजूला घेतली, पंखा फिरत राहावा म्हणून इंजिन थोडा वेळ रिकामं चालू ठेवलं, मग बंद केलं. झाकण उघडून पाणी बघायचा मोह खूप झाला, पण आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं. हात आवरला. पाऊण तासाने गाडी वळवून उताराने घरी आलो. बहीण दोन पोरं आणि तीन पिशव्या घेऊन एसटीने आली. आई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

सण झाल्यावर जीप मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हाई काय करी टाकं भो?" मी काळ्या रंगाचं शास्त्र सांगायला लागलो तर त्यांनी रेडिएटर उतरवून मागे बल्ब धरला आणि मला पुढून बघायला लावलं. चांगल्या जाळीतून उजेड चाळणीसारखा येतो. माझ्या जाळीत मधला मोठा भाग काळाठिक्कर होता. जाळी म्हणजे पातळ पत्र्यांच्या रांगा. एका इंचात दहा-बारा पत्र्या, म्हणजे दोन पत्र्यांमधली फट जेमतेम दोन मिलिमीटरची. ब्रशने लावलेला दाट रंग त्या फटीत साबणाच्या फुग्यासारखा पडदा धरतो आणि तसाच वाळतो. त्यात आमच्याकडे कापसाचे ट्रॅक्टर आणि जिनिंगची धूळ. रंगाच्या खाली कापसाचे तंतूही चिकटून बसले होते. ते आधी धुवायचं मला सुचलंच नव्हतं.

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. रेडिएटर नाव असलं तरी त्याचं बहुतेक काम उष्णता किरणांनी फेकण्याचं नाही, जाळीतून जाणाऱ्या वाऱ्याला ती देण्याचं आहे. पाणी ८५ अंशांवर आणि भोवताल ४० अंशांवर धरला तर पूर्ण काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे पावणेचारशे-चारशे वॅट फेकतो. माझ्या रेडिएटरच्या दोन्ही बाजू मिळून अर्धा चौरस मीटरही नाही. म्हणजे पावणेदोनशे वॅट, जुन्या पद्धतीच्या दोन पिवळ्या बल्बांएवढे. आतल्या पत्र्या तर एकमेकींकडेच तोंड करून असतात. आणि घाटात इंजिनाची जी उष्णता रेडिएटरला काढून टाकायची असते ती वीस हजार वॅटच्या घरात. शाळेतलं वाक्य खरंच होतं, पण त्याचा वाटा एका टक्क्याच्या आसपास!

मग रंग आड येतो का? तो उष्णता अडवतो हे खरं. पण पातळ थर म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. पत्र्यावरून हवेत जाताना उष्णतेला जेवढी अडचण होते, तिच्यापुढे या थराची अडचण शंभरातली एखादी. नडला तो वाऱ्याची वाट बुजवणारा रंग.

काकांनी रिमूव्हर लावून रंग सोडवला आणि इंजिनाच्या बाजूने पुढे असं हलक्या धारेने पाणी मारलं. जोराच्या धारेने पत्र्या आडव्या होतात. वाकलेल्या पत्र्या बोथट सुरीने एकेक सरळ करायचं काम माझ्याकडे आलं. दोन संध्याकाळी गेल्या, मान अवघडली. मग स्प्रेगनने पातळ केलेल्या काळ्या रंगाचा एकच विरळ हात. पितळ काळवंडू नये एवढ्यापुरता. लगेच बल्ब लावून तपासलं, उजेड आरपार.

इथे एक गंमत झाली. माझ्या वायरमन मित्राकडे तापमान मोजायची लेझरची बंदूक आहे. रंग निघालेला असताना चालू गाडीच्या वरच्या टाकीवर तिने ५४ दाखवले, रंग दिल्यावर ८१. मित्र म्हणाला, "बघ, रंगानेच तापतंय." गाडीच्या काट्याने मात्र दोन्ही वेळा एकच जागा दाखवली होती. बंदूक तापमान ओळखते ते वस्तूने फेकलेल्या उष्णतेवरून. चकचकीत पितळ उष्णता कमी फेकतं, त्यामुळे ती फसते आणि कमी आकडा दाखवते. टाकीच्या कोपऱ्यात थोडा रंग खरवडून पितळ उघडं केलं. त्यावर बंदूक पुन्हा पन्नाशीत. तिथेच काळी इन्सुलेशन टेप लावली, तर ८० आले. मित्राने बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि चहा मागवला.

बहिणीला परत सोडायला मुद्दाम भर दुपारीच निघालो. चार माणसं, पिशव्या आणि आईने दिलेल्या पापडांचा डबा. त्याच वळणावर काटा मधल्या रेघेच्या जरा वर, दरवर्षी असतो तिथेच. रंग दिल्याने गाडी थंड झाली नाही आणि तापलीही नाही. कन्नडला उतरताना बहीण म्हणाली, "दादा, तुझ्या गेटच्या मागच्या बाजूला रंगच नाही रे." तो जाळीत गेला होता.