गाळ काढताना लागलेली गाणी

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पुरुषभर पाणी आले. पाणी ओसरल्यावर, घोटा बुडेल इतका बसलेला कुबट गाळ काढायला घरातले आम्ही सगळे आणि शेजारची दोन मुले लागलो असताना, त्यांपैकी एकाने जिन्याच्या पायरीवर मोबाइल ठेवून गाणी लावली.

पहिले गाणे होते ‘या जन्मावर, या जगण्यावर’. पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल आणि अरुण दाते यांचा मऊ, धीर देणारा आवाज यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु हातात फावडे असताना आणि आईच्या लग्नातला शालू चिखलातून बोळा होऊन निघत असताना, जगण्यावर प्रेम करण्याचा तो सल्ला मला सोसला नाही. पुढचे लाव, असे मीच म्हणालो.

पुढचे निघाले ‘नाच रे मोरा’. ज्या पावसाला आम्ही आठवडाभर शिव्या देत होतो, त्याच पावसाचे हे गाणे. तरीही आईने खराटा न थांबवता त्याच्या ठेक्यावर फरशी ओढायला सुरुवात केली आणि कोणालाच हसू आवरले नाही.

तेव्हापासून मला आनंदी गाण्यांचे दोन प्रकार दिसू लागले आहेत: आनंदी राहा असे सांगणारी आणि काहीही न सांगता स्वतःच आनंदात असणारी. १९५३च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले हे गाणे दुसऱ्या प्रकारातले. त्यात एक मूल मोराशी बोलते, ढग, वीज, थेंब, शेवटी इंद्रधनुष्य एवढेच येते. ‘आनंद’ हा शब्द कुठेही नाही. चाल पु. ल. देशपांडे यांची, शब्द आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांचे आणि आवाज सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा. म्हणजे तिघांपैकी दोघे आमच्या जिल्ह्यातले, आणि आम्ही मात्र पाहुण्यांना हळद, बेदाणा आणि भडंग यांचेच कौतुक ऐकवतो. याच माडगूळकरांनी पुढे ‘जगाच्या पाठीवर’साठी सुखाचा धागा एक आणि दुःखाचे शंभर असा हिशेब मांडला, हे लक्षात घेतले म्हणजे मोराच्या गाण्यातला निर्भेळ खेळकरपणा अधिकच नवलाचा वाटतो.

दुपारी ‘गंमत जंमत’मधले ‘अश्विनी ये ना’ लागले, तेव्हा किशोरकुमारांच्या लाडिक हेलांची नक्कल करण्याची चढाओढ लागून काम काही वेळ बंदच पडले. अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’वर घमेली हातोहात निघाली खरी, पण वरातीसाठी उत्तम असलेली ती गती भरल्या घमेल्यांना झेपणारी नव्हे, दोन कडव्यांतच आम्हाला धाप लागली आणि आईने मोराचे गाणे पुन्हा लावायला सांगितले.

संध्याकाळी तीन पाण्यांतून काढलेला शालू गच्चीवर वाळत घालताना ती तेच गुणगुणत होती. तेवढ्यात खरोखरची सर आली आणि शालू घाईघाईने पुन्हा खाली आणावा लागला.