डॉर्निअर वर आलं, खरं काम तिथून सुरू झालं

इंग्लंडच्या केंट किनाऱ्यालगत गुडविन सँड्स या समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यात २६ ऑगस्ट १९४० रोजी पडलेलं जर्मन डॉर्निअर १७ बॉम्बर १० जून २०१३ ला वर काढलं गेलं. ते तळाशी उलटं पडलेलं होतं. आधी तळावरच त्याच्याभोवती पोलादी सांगाडा जोडून उचलायचं ठरलं होतं. पण खराब हवामानाने पाण्याखाली काम करणाऱ्या डायव्हरांचे दिवस खाल्ले, म्हणून शेवटी विमानाच्याच सर्वांत मजबूत भागांना उचलण्याची साधनं जोडून ते उचललं. निर्णय धाडसी, पण मला तो पटतो. वाट पाहिली असती तर वाळू आणि प्रवाहाने आणखी पत्रा खाल्ला असता.

पाण्याबाहेर येताच धोका वाढतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत मुरलेले क्लोराइड (समुद्राच्या मिठातले क्षार) हवेतला ऑक्सिजन मिळताच धातू पोखरू लागतात. पोलादी बोल्टजवळ तर जास्तच, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते. म्हणून हे क्षार धुऊन काढायला कॉसफर्डच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयात बोगद्यासारख्या प्लास्टिक तंबूंत सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे सतत चालू ठेवले. द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल तीव्र) ५.५ च्या आसपास असायला हवा: आम्ल तीव्र झालं तर विमानाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या थरासोबत पत्राही विरघळेल. हे महिन्यांचं नव्हे, वर्षांचं काम आहे.