डेबियन १२ वर हाताने बांधलेला कर्नल: नोंद ३

काल रात्री लिनक्सचा कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा गाभा) ६.१२ एकदाचा बूट झाला. डेबियन १२ या लिनक्स वितरणासोबत, म्हणजे कर्नल आणि वरच्या सॉफ्टवेअरच्या तयार संचासोबत, येतो ६.१, त्याच्या जागी मूळ सोर्स उतरवून बांधलेला हा कर्नल. डेस्कटॉप, ब्राउझर, एपीटी (डेबियनचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन), कुणालाच खालची जमीन बदलल्याचा पत्ता नाही.

पहिला बिल्ड सर्टिफिकेटवर आपटला होता. बूट डिरेक्टरीतली डेबियनची कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं याची यादी) जशीच्या तशी उचलली, तिच्यात डेबियनच्या सही तपासायच्या चाव्यांच्या फाइलचा पत्ता. मूळ सोर्समध्ये ती फाइल असणार कुठून? ट्रस्टेड कीजची ओळ रिकामी केली, गाडी पुढे सरकली. वितरण कर्नलला स्वतःचा हात कसा लावतं, ते इथे पहिल्यांदा नीट दिसलं.

मग शहाणपणा केला. 'लोकलमॉडकॉन्फिग' चालवलं. ते त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे तुकडे) ठेवतं, आणि पेनड्राइव्ह तेव्हा लावलेला नव्हता. नव्या कर्नलला पेनड्राइव्ह दिसेचना! यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूलच उडालं होतं. डेबियन हजारो मॉड्यूल्स का भरून देतं, याचं उत्तर मिळालं: मशीन कुणाचं, हे त्यांना ठाऊक नसतं.

खरी मजा अल्पाइन या दुसऱ्या, छोट्या वितरणाने आणली. त्याची छोटी रूटफाइलसिस्टीम (सगळ्या फाइलींचा संच) उघडून त्यात क्रूट केलं, म्हणजे कर्नल तोच ठेवून त्या फाइलींच्या आत शिरलो. वितरणाचं नाव सांगणारी ओएस-रिलीज फाइल म्हणते अल्पाइन, डेबियनच्या जीलिबसी या मूळ सी लायब्ररीच्या जागी मसल. पण कर्नलची आवृत्ती सांगणारं 'युनेम -आर' विचारलं तर माझाच ६.१२. कर्नल आणि वरचे प्रोग्रॅम या दोघांमधला सांधा म्हणजे सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची ठरलेली पद्धत), आणि तो मोडायचा नाही यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स पहिल्यापासून हटून आहेत. उलटाही प्रयोग झालेला आहे: २०११ च्या डेबियन ६ मध्ये फ्रीबीएसडी या वेगळ्या प्रणालीचा कर्नल घालून वर तेच एपीटी दिलं होतं. पुढे तो प्रकल्प बंद पडला.

आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. डेबियन १२ च्या कर्नलवर 'युनेम -आर' ६.१.० दाखवतं, खरी स्थिर आवृत्ती 'युनेम -व्ही' मध्ये. रेड हॅट ९ या आणखी एका वितरणाचा ५.१४ तर नावापुरताच जुना, नव्या कर्नलमधलं कितीतरी काम त्यात मागे आणून बसवलेलं असतं.

माझ्या ६.१२ ला एपीटीकडून सुरक्षा अपडेट येणार नाहीत, ती हमाली आता माझी. ६.१ ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या) मेनूत ठेवलाय. पेनड्राइव्ह लावून बिल्ड पुन्हा सुरू केलाय.